पाच वर्षं आधीचं चित्र जास्त स्वच्छ कसं?

फीत आणि तबकडी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडच्या, लंडनच्या वेम्बली स्टेडियममधल्या कार्यक्रमाच्या व्हिडिओ कॅसेटबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या. वाटलं, लोक वाचून पान उलटतील. तर पत्रांचा हा गठ्ठा! टेपरेकॉर्डरचे बेल्ट आणि रेकॉर्डप्लेअरच्या सुया पुढच्या महिन्यावर ढकलते आणि या वेळी सगळी पत्रं ‘क्वीन’चीच घेते. नव्या वाचकांसाठी सांगते, १९८६पासून अठरा वर्षं वाईत आमची व्हिडिओ लायब्ररी होती. काउंटरवर यजमान बसायचे आणि मागच्या खोलीत स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी.

आधी माझी चूक. वेम्बलीच्या कॅसेटला मी ‘अख्खा कार्यक्रम’ म्हटलं होतं. नाशिकच्या एका वाचकाने माझा कान धरला, बरोबरच धरला. १९९०च्या डिसेंबरात निघालेली ती कॅसेट जेमतेम सव्वा तासाची आहे. मूळ कार्यक्रम पावणेदोन तासांच्या वर चालला होता. कितीतरी गाणी त्यात नाहीतच. शनिवार, १२ जुलै १९८६चा तो कार्यक्रम सबंध पाहायला मिळाला तो थेट २००३च्या डीव्हीडीवर. आदल्या रात्रीचा, म्हणजे शुक्रवार ११ जुलैचा कार्यक्रम २०११च्या आवृत्तीत आला. मी बारा-तेरा वर्षं कापलेलाच कार्यक्रम पुरा समजून पाहत होते. डिस्क पहिल्यांदा लावली तेव्हा मधेच अनोळखी गाणी यायला लागली, तर मला वाटलं दुकानदाराने दुसरीच डिस्क दिली.

ताई, १९९१ साली मी पुण्यात हॉस्टेलवर होतो, तेव्हा मामाने लंडनहून वेम्बलीची कॅसेट आणली होती. ती आम्ही अक्षरशः झिजवली. परवा मुलाने ५५ इंची टीव्ही घेतला आणि ‘क्वीन’च्या दोन डिस्क आणल्या, मॉन्ट्रिऑल १९८१ आणि वेम्बली १९८६. मॉन्ट्रिऑलचं चित्र इतकं लख्ख की कपाळावरचा घाम दिसतो. पाच वर्षं नंतरचं वेम्बली मात्र ओल्या काचेतून पाहिल्यासारखं. मुलगा म्हणतो, वेम्बलीची डिस्क डुप्लिकेट आहे. माझा जीव त्याच कार्यक्रमात अडकलाय हो. खरं काय? — एक वाचक, सातारा

डिस्क अस्सल आहे. दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

कॅनडातल्या मॉन्ट्रिऑलचा कार्यक्रम २४ आणि २५ नोव्हेंबर १९८१ला तिथल्या ‘फोरम’मध्ये झाला. एरवी ते तेव्हा आइस हॉकीचं मैदान असायचं. सॉल स्विमर या दिग्दर्शकाने तो ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर घेतला, म्हणजे आपले थेटरातले सिनेमे ज्या फिल्मवर निघायचे त्याच. फिल्मच्या पट्टीवर एकेक चित्र रासायनिक दाण्यांचं बनलेलं असतं, त्याला रेघांचा हिशोब नसतो. त्यामुळे तीच निगेटिव्ह १९८४ साली व्हीएचएस कॅसेटवर उतरवली तर कॅसेटएवढी दिसली, २००७ साली डिस्कवर आणली तर डिस्कएवढी, आणि २०२४ साली तर ती आयमॅक्सच्या पडद्यावर लावली. निगेटिव्ह तीच. विहिरीत पाणी पहिल्यापासून होतं, दोर आत्ता पुरला.

वेम्बलीचं तसं नाही. तो कार्यक्रम टीव्हीसाठी, टीव्हीच्या कॅमेऱ्यांनी व्हिडिओ टेपवर घेतला. गॅव्हिन टेलर दिग्दर्शक. टीव्हीचा कॅमेरा घेतानाच चित्राचे आडवे काप करतो. इंग्लंडात आणि आपल्याकडे तेव्हा ते ६२५ रेघांचे असत, त्यातल्या ५७६ पडद्यावर दिसायच्या. दोन रेघांच्या मधलं जे काही होतं ते टेपवर उतरलंच नाही, मग आज कुठल्याही कारखान्यात नेऊन ते कुठून काढणार? तुमच्या जुन्या २१ इंची डब्यावर हे जाणवत नव्हतं. ५५ इंचांवर प्रत्येक रेघ ओढून ताणून मोठी होते, म्हणून ती ओली काच.

मुलाला पटत नसेल तर एक करा. ‘क्वीन’चा बुडापेस्टचा कार्यक्रम मिळवा. तारीख २७ जुलै १९८६, म्हणजे वेम्बलीनंतर बरोबर १५ दिवस. दौरा तोच, चौघे तेच, गाणी बहुतेक तीच. पण हंगेरीच्या लोकांनी तो फिल्मवर घेतला होता. २०१२ साली तो साफसूफ होऊन पुन्हा निघाला आणि दिसतो मॉन्ट्रिऑलच्या जातीचा. तेव्हा १९८१ की १९८६ असा हा प्रश्नच नाही, फिल्म की टेप एवढाच आहे.

‘क्वीन’चा गिटारवादक ब्रायन मे याचा उजवा हात दोन्हींकडे पाहा. तार छेडायला तो प्लास्टिकची पट्टी वापरत नाही, इंग्लंडचं जुनं सहा पेन्सचं नाणं वापरतो. गिटारही घरचीच, त्याने आणि वडिलांनी मिळून केलेली, गळ्याचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. फिल्मवर बोटांच्या चिमटीत नाण्याची कड चकाकते. वेम्बलीच्या टेपवर तिथे नुसता पांढरा ठिपका आहे. मी दोन्ही ठिकाणी चित्र थांबवून, चष्मा लावून पाहिलंय.

आता माझं मत, विचारलं नसलं तरी. मला अजून वेम्बलीच आवडतं. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चित्रं घेते, टीव्हीचा कॅमेरा सेकंदाला ५० अर्धी चित्रं. त्या ५० मुळे हालचाल अखंड दिसते आणि समोर आत्ता घडतंय असं वाटतं. मॉन्ट्रिऑल बघताना मी सिनेमा बघत असते. वेम्बलीत ‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरी पिवळं जॅकेट घालून मांडी आपटत समोरून धावत जातो, तेव्हा मी ७२ हजारांतली एक असते. अर्थात ओल्या काचेतून.

नव्या टीव्हीचं काही चुकत नाहीये ना, तेवढं मात्र बघून घ्या. सेटिंगमध्ये हालचाल ‘गुळगुळीत’ करणारा एक पर्याय असतो, वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात. मॉन्ट्रिऑलसाठी तो बंद ठेवा, नाहीतर उत्तम फिल्मची दुपारची मालिका होते. दुसरं, चित्र चौकोनीच राहू द्या. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या की घरातलं कुणीतरी ते ताणून पडदाभर करतंच. मग फ्रेडी पैलवान दिसतो आणि ढोल अंडाकृती.

आदरणीय ताई, मी हार्मोनियम शिकवतो. नातवाने ‘क्वीन’च्या जुन्या मॉन्ट्रिऑल कॅसेटवरून एक गाणं बसवायला घेतलं आणि मला सूर विचारला. पेटी लावली, तर गाणं कुठल्याच पट्टीत बसेना. काळी पाचच्या वर जातं, पांढरी सातला पोचत नाही. व्हीसीआरचा पट्टा ढिला झाला असेल का? — एक संगीत शिक्षक, मिरज

गुरुजी, तुमच्या कानाला नमस्कार. पट्टा ढिला असता तर सूर उतरला असता आणि हलला असता. तुमचा चढलाय आणि एका जागी ठाम आहे. म्हणजे व्हीसीआर निर्दोष आहे.

वर म्हटलं ना, सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चित्रांनी चालते. आपल्याकडची आणि इंग्लंडातली टीव्हीची पद्धत सेकंदाला २५ चित्रांची. फिल्म कॅसेटवर उतरवताना त्या काळी सरळ २५ने पळवायचे, एका चित्राकरता कोण डोकं फोडून घेणार! त्याने सगळं सुमारे चार टक्के जलद होतं. आवाजही त्याच वेगाने पळवला की सूर चढतो, एका स्वरावरून लगतच्या स्वरापर्यंतच्या अंतराचे दहा भाग केले तर साधारण सात भाग. पेटीवर एक पट्टी संपून दुसरी सुरू होण्याच्या मधल्या फटीत तुमचं गाणं अडकलंय. तुम्ही म्हणता ते गाणं बहुधा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ असावं, कारण त्याचा पियानोचा पहिला भाग काळी पाचचाच आहे. काळी पाच आणि त्यावर सात दशांश, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या पट्टीच्या, पांढरी सातच्या, अलीकडे. तुम्ही लिहिलंय तसंच.

तपासायला घड्याळ पुरतं. एखादं गाणं डिस्कवर पाच मिनिटं चालत असेल आणि कॅसेटवर चार मिनिटं ४८ सेकंदांत आटपत असेल, तर हीच भानगड. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवल्यावर चित्र आणि आवाज दोन्हींचा वेग ९६ टक्के करा, गाणं परत काळी पाचवर येईल. वेम्बलीच्या कॅसेटला हा रोग नाही, कारण ती मुळातच २५च्या पद्धतीने घेतलेली. चित्रात जे गमावलं ते सुरात राखलं म्हणायचं.

आमच्या लायब्ररीत परदेशी सिनेमांच्या किती कॅसेटी अशा चढ्या सुरात गेल्या असतील देव जाणे. एकही गिऱ्हाईक परत आलं नाही. मिरजेचं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा मधला भाग, जिथे शंभरेक माणसं गात असल्यासारखं वाटतं, तिथे बँड स्टेजवरून गायबच होतो! कॅसेटमध्ये कापाकापी झाली आहे का? — एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

नाही. ते स्वतःच निघून जायचे. तो भाग स्टुडिओत एकावर एक कितीतरी आवाज चढवून तयार केलेला, चौघांना समोर उभं राहून तो गाता येणं शक्य नव्हतं. मग त्या तुकड्याची टेप लावायची, रिकाम्या स्टेजवर दिवे फिरवायचे आणि गिटारचा भाग आला की धाडकन परत यायचं. लोकांसमोर ओठ हलवून गातोय असं दाखवण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक. नीट ऐकलंत तर टेप सुरू होते तिथे आवाजाची जात बदलते, स्टेडियमचा घुमारा जातो आणि खोलीतला आवाज येतो.

फ्रेडीच्या हातातला माइकचा स्टँड अर्धाच का असतो? — पुणे, डोंबिवली आणि बेळगाव इथून तीन वाचक

सुरुवातीच्या दिवसांत एका कार्यक्रमात मोडला. वरचा तुकडा हातात राहिला तो त्याला आवडला. पुढे मुद्दाम तसाच.

माझ्याकडे वेम्बलीचा कार्यक्रम आहे, पण त्यात पिवळं जॅकेट नाही, पांढरी बनियन आहे आणि वीसेक मिनिटांतच संपतो. — एक वाचक, नागपूर

तो ‘लाइव्ह एड’, १३ जुलै १९८५. मैदान तेच, पण आदल्या वर्षीचं. दुष्काळग्रस्तांच्या मदतीचा दिवसभराचा कार्यक्रम, त्यात ‘क्वीन’च्या वाट्याला वीसेक मिनिटं आली. दंडाला पट्टा, निळी जीन्स, पांढरी बनियन दिसली की ८५. पिवळं जॅकेट आणि पांढऱ्या पँटला तांबडा पट्टा दिसला की ८६चा दौरा. तोकडी पांढरी अर्धी चड्डी दिसली तर मॉन्ट्रिऑल. आमच्या लायब्ररीतली पोरं मुखपृष्ठ फाटलेल्या कॅसेटी अशाच ओळखायची.

ताई, तुम्ही वाईच्या. वर पाचगणीला फ्रेडी मर्क्युरी शिकला हे तुम्ही लिहीत कसं नाही? वेम्बलीत हजारो लोकांकडून तो टाळ्या वाजवून घेतो, गाऊन घेतो, त्यात मला आपल्या कीर्तनाची छाप दिसते. आपला माणूस म्हणून अभिमानाने लिहा की! — एक वाचक, कराड

लिहिते. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. घराणं पारशी, नाव फारूख बलसारा. लहानपणीच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहावर आला आणि तिथेच मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात तो पियानो वाजवायचा. एवढं पक्कं आहे आणि मला तेवढं पुरतं.

कीर्तनाचं मात्र राहू द्या. पाचगणीच्या इंग्रजी वसतिगृहातल्या पारशी मुलाने कीर्तन कधी ऐकलं असेल? आणि लोकांकडून ओळ म्हणवून घेणं जगात सगळीकडे चालतं. वेम्बलीत तो नुसत्या ‘एऽऽ ओ’वर ७२ हजार माणसं खेळवतो. आधी सोपं देतो, मग लांबवतो, मग मुद्दाम असं वळण घेतो की त्यांना जमू नये, आणि हसतो. हे त्याचं स्वतःचं कसब आहे, त्यावर आपला शिक्का कशाला?

त्यापेक्षा बुडापेस्टची एक जागा दाखवते, ती मला जास्त आपली वाटते. मधेच तो हंगेरियन लोकगीत म्हणायला घेतो, ‘तव्हसी सेल’. भाषा येत नाही. शब्द त्याने डाव्या की उजव्या ते बघा तुम्हीच, पण तळहातावर लिहून आणलेत, आणि न लाजता तळहात समोर धरून वाचत वाचत गातो. पहिली ओळ ओळखल्यावर स्टेडियमभर जो आवाज उठतो तो ऐका. तोंडी परीक्षेला हातावर लिहून आणणारं वसतिगृहातलं पोर दिसतं मला तिथे. पाचगणीचा संबंध जोडायचाच असेल तर हा जोडा, पुरावा माझ्याकडेही नाही.

आमच्याकडे वेम्बलीची कॅसेट आली तीही वरूनच. १९९२च्या पावसाळ्यात पाचगणीच्या एका शाळेतली दोन मोठी मुलं एस.टी.ने खाली उतरली, पिशवीत कॅसेट. वसतिगृहात व्हीसीआर लावू देत नव्हते. मागच्या खोलीत दुरुस्तीला आलेल्या टीव्हीवर मी त्यांना ती लावून दिली. फ्रेडी जाऊन तेव्हा सहा-सात महिने झाले होते. तो गेला २४ नोव्हेंबर १९९१ला, मॉन्ट्रिऑलच्या पहिल्या रात्रीला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी. मुलं एक शब्द बोलली नाहीत. शेवटी तो मुकुट आणि झूल घालून येतो तिथे आमच्या व्हीसीआरने फीत खाल्ली. दोन हात लांब फीत चुरगळून बाहेर आली. मी ती बोटांनी सरळ केली, पण वेम्बलीच्या मुकुटावरून पुढे कायम एक आडवी वीज जायची. मुलांनी पैसे मागितले नाहीत. मीच दोघांना वडापाव दिला. कॅसेट त्यांनी परत नेली नाही, ती अजून माझ्याकडे आहे.

‘क्वीन’चा फ्रेडीबरोबरचा शेवटचा कार्यक्रम कुठे मिळेल? — एक वाचक, ठाणे

शेवटचा ९ ऑगस्ट १९८६, इंग्लंडात नेबवर्थला. त्याची पूर्ण चित्रफीत आजवर विक्रीला आलेली नाही. ‘शेवटचा कार्यक्रम, पूर्ण’ असं छापलेली डिस्क कुणी विकत असेल तर आत बहुधा वेम्बलीच निघेल. पैसे वाचवा.

ताई, दोन व्हीसीआर जोडून केलेली वेम्बलीची कॉपी माझ्याकडे आहे, १८० मिनिटांच्या कॅसेटवर. माळ्यावर होती. काढली तर खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. जावयाने सांगितलं, आठवडाभर तांदळाच्या डब्यात ठेवा, मग उन्हात वाळवा. ठेवू का? दुसरं असं, कार्यक्रम संपल्यावर उरलेल्या फितीवर १९९३ साली मुलीचं बारसं घेतलं होतं. ते राहिलं असेल का? — एक आजी, चिपळूण

आजी, तांदूळ नको, ऊन नको, आणि मुख्य म्हणजे कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. एकदासुद्धा नाही.

ती भुकटी म्हणजे बुरशी. कोकणातला पावसाळा आणि माळा, दुसरं काय होणार? व्हीसीआरच्या पोटात एक गोल ड्रम असतो, तो मिनिटाला १५०० वेळा फिरतो आणि त्याच्या अंगावरचे बारीकसे हेड फितीवरून तिरके घासत जाऊन चित्र वाचतात. बुरशीची फीत त्यावरून गेली की हेड बुजतात, पडद्यावर मुंग्या येतात, आणि त्यानंतर जी जी कॅसेट घालाल तिला लागण होते. तांदळाची भुकटी त्यात आणखी भर घालेल. उन्हात फीत वाकडी होते. मोठ्या संग्रहालयांत चिकट झालेल्या जुन्या टेप मंद आचेवर शेकतात हे खरं, पण तो वेगळा रोग, वेगळी फीत, आणि त्याला काट्यावर चालणारं यंत्र लागतं. आपली तंदूर भट्टी नाही.

काय करायचं ते सांगते. नाकाला फडकं बांधा. कॅसेटच्या बाजूला बारीक बटण असतं ते दाबलं की पुढचं झाकण उचलतं. आत फक्त बघा, बोट लावू नका. फितीच्या कडेलाच पांढरं असेल तर वाचण्याची आशा चांगली. थर आतपर्यंत गेला असेल तर काम किचकट, पण सोडून देऊ नका. घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत कॅसेट उभी ठेवा आणि औषधांच्या डब्यात येतात तशा सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका. आठ-दहा दिवसांत बुरशी वाळते. वाळलेली बुरशी पुसता येते, ओली फासली जाते.

पुसायचं काम माहीतगार माणसाकडून. भंगारातला एक व्हीसीआर याच कामासाठी वेगळा ठेवावा लागतो. त्यात फीत सावकाश पुढे नेताना मऊ कापडातून जाते, दर थोड्या वेळाने कापड बदलायचं. आणि कुणी म्हणालं की हेड कापूस काडीला लावून साफ करतो, तर त्याला नमस्कार करून घरी या. कापसाचे धागे हेडमध्ये अडकतात. आमचे यजमान कोरी नोट स्पिरिटमध्ये बुडवून ड्रमला लावायचे आणि ड्रम हाताने आडवा फिरवायचे. नोट वर-खाली कधी घासायची नाही, हेड तुटतो. लायब्ररी बंद झाली त्या दिवशी गल्ल्यात पाच रुपयांच्या सात नोटा स्पिरिटचा वास मारत होत्या.

आता बारशाचं. तुमची कॅसेट १८० मिनिटांची, म्हणजे आत अडीचशे मीटरच्या वर फीत. वेम्बली सव्वा तासात संपतं, तेव्हा पुढे पावणेदोन तास जागा होती. बारसं त्यावर घेतलं असेल आणि नंतर कुणी सिनेमा चढवला नसेल तर ते आहे. कॅसेटच्या मागच्या कडेला डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकची छोटी जीभ असायची. ती तोडलेली असेल तर बरंच, त्यावर पुन्हा काही चढलं नसणार. जीभ शाबूत असेल किंवा त्या भोकावर चिकटपट्टी असेल, तर घरात कुणाला सिनेमांची आवड होती ते आठवून बघा.

फीत साफ झाली की कॉम्प्युटरवर उतरवताना आधी बारसं घ्या. जुनी फीत एखाद्या वेळी पहिल्या फेरीतच झडते, दुसरी फेरी मिळेल याचा भरवसा नसतो. वेम्बली दुकानात मिळतं. उतरवणाऱ्याला हे स्पष्ट सांगा, कारण तो सवयीने सुरुवातीपासून लावेल. फीत पळवत न्यायची नाही, साध्या वेगाने चालवत न्यायची आणि कार्यक्रम संपायच्या पाचेक मिनिटं आधीपासून रेकॉर्डिंग सुरू ठेवायचं, कारण चढवलेल्या जोडाच्या जागी चित्र उड्या मारतं आणि बारशाची सुरुवात तिथेच असते. चित्र उतरवल्यावर हलणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्याचे दात दिसले तर घाबरू नका. ती दोन अर्धी चित्रं एकावर एक आलेली असतात, फीत खराब नसते. मूळ उतरवलेली फाइल तशीच जपा आणि दात काढायचं काम तिच्या नकलेवर करू द्या.

चिपळूणला असं काम करणारं कुणी सापडलं नाही तर अंकाच्या पत्त्यावर कळवा. कॅसेट पोस्टाने पाठवू नका, पावसात तर नाहीच. वाईला येणारं कुणी असलं तर त्याच्या हाती द्या, पिशवीसकट. मंगळवारी नको, आमच्याकडे मंगळवारी लाइट नसते.